इम्प्लान्टवरच्या कॅपचा रंग: शहापुरातल्या मॅचिंग सेंटरवालीचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, पाल्हाळ नंतर. वरच्या पटाशीच्या दाताच्या जागी बसवलेल्या इम्प्लान्टवर, म्हणजे जबड्याच्या हाडातल्या स्क्रूवर, मी आजवर दोन कॅपा वापरल्या. पहिली टायटॅनियमच्या अबटमेंटवर (इम्प्लान्ट आणि कॅप यांच्या मधला जोडतुकडा) चिकटवलेली, दुसरी झिरकोनिया नावाच्या पांढऱ्या सिरॅमिकच्या अबटमेंटवर आणि स्क्रूने कसलेली. पहिलीला पाचपैकी अडीच तारे, दुसरीला साडेचार. हाडातला इम्प्लान्ट दोन्ही वेळा तोच, डॉक्टर तेच, लॅबसुद्धा तीच. बदलला तो मुख्यतः मधला तुकडा. तो बाहेरून दिसत नाही आणि पहिल्या वेळी त्याच्याबद्दल मला कुणी चकार शब्द काढून सांगितलं नव्हतं.

क्लिनिक बेळगावात, टिळकवाडीत आहे. नाव लिहीत नाही. एक तर डॉक्टरांच्या घरच्या माझ्याकडून अस्तर नेतात. शिवाय कौतुक आणि तक्रार एकाच माणसाची असली की लोक नावाशेजारी सोयीचं तेवढंच वाचतात.

माझं बेळगावच्याच शहापुरात मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, टू-बाय-टू रुबिया, खण, धाग्याची रिळं. शहापूर, वडगाव, खासबाग हा मागांचा पट्टा; इथल्या बायका साडीचा काठ दाखवून ब्लाउजपीस मागतात तेव्हा ‘साधारण तसाच आहे की’ म्हणून चालत नाही. मोरपंखी म्हणजे नेमका कुठला मोरपंखी, यावरून माझ्या काउंटरवर सासू-सुना भांडल्यात. दिवसभर रंगावर रंग ठेवून बघायचं, हेच काम. त्यामुळे माझ्या पहिल्या कॅपच्या रंगाच्या तक्रारीवर डॉक्टर जेव्हा म्हणाले, “अक्का, तुम्ही सोडून हे कुणाला दिसणार नाही बघा,” तेव्हा ते खोटं बोलत नव्हते. पण पैसे मी मोजले होते आणि रोज सकाळी आरशात मीच बघते.

दाताची कथा छोटी आहे. शाळेत असताना पडून मार लागलेला, पुढे रूट कॅनॉल झालेला, वर्षानुवर्षं काळवंडत गेलेला दात शेवटी मुळातच चिरला आणि काढावा लागला. दोन्ही बाजूंचे धडधाकट दात कातून ब्रिज करायचा की इम्प्लान्ट, असं विचारल्यावर चांगले दात कातून घ्यायला माझं मन होईना. मग जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू, तो हाडात मुरेपर्यंत चारेक महिने थांबणं, त्यानंतर अबटमेंट म्हणजे जोडतुकडा, आणि त्यावर कॅप. टायटॅनियमला हाड चिकटून बसतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरांना सशाच्या हाडावर काम करताना कळलं आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे इम्प्लान्ट बसवले, हे मला वेटिंगमधल्या भिंतीवरच्या तक्त्यावरून समजलं. इम्प्लान्ट किती वर्षं टिकतो, किती घास चावता येतात, सगळं त्या तक्त्यावर होतं. रंगाबद्दल एक ओळ नव्हती.

मधल्या काळात शेजारच्या दातांना चिकटवून अ‍ॅक्रिलिकचा तात्पुरता दात दिला. त्याच्यावर समोरून चावायचं नाही, गोकाकचा चिवट करदंट पूर्ण बंद, मऊ कुंदा चालेल, असा डॉक्टरांचा हुकूम. कुंदा खाल्ला. दात मात्र चहा आणि हळदीने महिन्याभरात पिवळा पडायला लागला. अ‍ॅक्रिलिक शेवटी प्लॅस्टिकच, ते रंग आत ओढून घेतं आणि घासून निघत नाही. तात्पुरत्यासाठी ठीक आहे, त्याला मार्क देत बसत नाही. एवढंच सांगते की तात्पुरता दात पिवळा पडला म्हणून कायमची कॅपही पडेल असं धरून चालू नका. आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी याच भीतीने इम्प्लान्ट रद्द केला.

आता शेड. दाताच्या आकाराचे सोळा तुकडे लावलेली पट्टी असते, व्हिटा नावाच्या जर्मन कंपनीची. त्यात ए, बी, सी, डी असे चार गट: ए तांबूस-तपकिरी, बी तांबूस-पिवळा, सी करडा, डी तांबूस-करडा. आकडा वाढेल तसा रंग गडद. पहिल्या वेळी माझी शेड घेतली ती संध्याकाळी, खुर्चीवरच्या दिव्याखाली, बराच वेळ तोंड वासून झाल्यावर. दात वाळले की आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात आणि ओल परत यायला बराच वेळ जातो. तेव्हा हे मला माहीत नव्हतं, पण दिव्याचा घोटाळा मला ओळखता येतो. दुकानात नवे एलईडी लावल्यापासून राणी आणि मजेंटा वेगळे सांगता येत नाहीत. गिऱ्हाइकाला मी पीस हातात देऊन रस्त्यावर पाठवते. इथंही म्हटलं, “दारात जाऊन उजेडात बघू या की ओ.” डॉक्टर हसले आणि म्हणाले, लॅबवाले बघून घेतील. लॅब कोल्हापूरला. त्यांनी माझं तोंडच बघितलेलं नाही, तर बघून काय घेणार?

तरी पहिली कॅप बसली त्या दिवशी ती देखणी होती हे कबूल केलं पाहिजे. लिथियम डायसिलिकेट नावाच्या, काचेच्या जातीच्या सिरॅमिकची. उजेड थोडा आत शिरू देते, म्हणून खऱ्या दातासारखा जिवंतपणा येतो. शेड शेजारच्या दातापेक्षा किंचित उजळ होती, पण मी धरून पाचजणींना दाखवली तेव्हा त्यातल्या एकीलाच ओळखता आलं.

दोनेक पावसाळे गेले. मग दाताच्या बुडाशी हिरडीत जांभळट-करडी छाया यायला लागली. आधी वाटलं काहीतरी अडकलंय. ब्रश केला, मिठाच्या पाण्याने चूळ भरली, छाया जागेवर. मग कॅपचा हिरडीजवळचा भागही शेजारच्या दातापेक्षा मळकट वाटायला लागला. घरातल्या पिवळ्या दिव्यात काही कळायचं नाही; अंगणात, ढगाळ दिवसाच्या उजेडात स्पष्ट दिसायचं. पुतण्याच्या साखरपुड्याच्या फोटोत तर मी ओठ मिटूनच हसले आहे.

“कॅपचा रंग बदलला,” अशी तक्रार घेऊन गेले. ‘तुम्ही सोडून कुणाला दिसणार नाही’ हे डॉक्टरांचं पहिलं उत्तर वर लिहिलंच आहे. दुसरं उत्तर मात्र त्यांनी काम करून दिलं, आणि त्यासाठीच हा रिव्ह्यू लिहिते आहे.

चिकटवलेली कॅप सहसा अख्खी निघत नाही, कापावी लागते. कापलेला तुकडा त्यांनी पांढऱ्या कागदावर ठेवला, त्याला शेडपट्टीतला दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीतला तुकडा लावला आणि मला खिडकीशी नेलं. दोन्ही एक. रंग तसूभर हललेला नव्हता. भट्टीत भाजलेलं सिरॅमिक चहा-हळदीने आतून रंगत नाही. मग तोच तुकडा त्यांनी करड्या धातूच्या अबटमेंटवर टेकवला आणि माझ्यासमोर तो मळला. पातळ रुबियाखाली गडद अस्तर लावलं तर रुबियाचा रंग उडत नाही, पण अंगावर तो उतरलेला दिसतो. नवशिक्या शिंप्यालाही हे माहीत असतं. कॅप जितकी जास्त उजेड आत घेणारी, तितकी ती खालच्याची चुगली करते. पहिल्या दिवशी हे दिसलं नाही कारण चिकटवायला वापरलेलं सिमेंट पांढरट, आणि हिरडी ताजी, फुगीर होती.

हिरडीचं गणित असं. टायटॅनियम हा करडा धातू. (गंमत म्हणजे त्याच्याच ऑक्साइडची पूड पांढरीशुभ्र असते; रंगाच्या डब्यात आणि कित्येक टूथपेस्टमध्ये पांढरेपणासाठी तीच घालतात.) हिरडी तीन मिलिमीटरच्या आसपास जाड असेल तर खालचा धातू डोळ्याला कळत नाही. दोनच्या खाली आली की करडेपणा झिरपायला लागतो. वरच्या पुढच्या दातांच्या समोरचं हाड मुळातच पातळ, बहुतेकांचं एक मिलिमीटरही भरत नाही, आणि दात काढल्यावर ते पहिल्या काही महिन्यांतच आक्रसतं. हाड मागे गेलं की त्यावरची हिरडीही बसते. माझी हिरडी डॉक्टरांनी बारीक सळईने मोजली. सळईची काळी खूण हिरडीतून आरपार दिसत होती. म्हणजे माझ्यासारखीला साधं टायटॅनियमचं अबटमेंट द्यायलाच नको होतं. ही सळई पहिल्या वेळी लावली असती तर एका मिनिटाचं काम होतं. अडीच तारे त्यामुळे.

पुढचे पर्याय त्यांनी टेबलावर मांडले, आणि इथं मला माझ्या धंद्यात आल्यासारखं वाटलं. एक, टायटॅनियमचंच अबटमेंट पण वर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी मुलामा दिलेलं. खर्च कमी, हिरडीतून थोडी ऊबदार झाक येते. दोन, विजेची प्रक्रिया करून गुलाबी छटा आणलेलं टायटॅनियम. यात रंग लावलेला नसतो. धातूवरच्या ऑक्साइडच्या थराची जाडी बदलली की प्रकाश वेगळा परततो, इतकंच. तीन, झिरकोनियाचं पांढरं अबटमेंट. चार, तोंडातल्या टाळूची कातडी काढून हिरडीवर शिवायची आणि तिलाच जाड करायचं. चौथं ऐकूनच मी हात जोडले. पण ज्यांची हिरडी फारच पातळ आहे त्यांना शेवटी तेच करावं लागतं असं ते म्हणाले.

झिरकोनिया घेतलं. पण पूर्ण झिरकोनिया नाही: बुडाशी टायटॅनियमचा लहानसा बेस आणि त्यावर चिकटवलेला झिरकोनियाचा तुकडा. मी विचारलं, परत धातू कशाला? तर झिरकोनिया टायटॅनियमपेक्षा खूप कठीण. थेट इम्प्लान्टच्या खोबणीत बसवलं तर चावताना होणाऱ्या बारीक हालचालीने ते टायटॅनियमला घासतं, त्याची काळी पूड सुटते आणि ती हिरडीत उतरू शकते. म्हणजे रंगासाठी जे केलं त्यानेच रंग बिघडायचा. धातूला धातू भिडू द्यायचा आणि हिरडीच्या मागे पांढरं येऊ द्यायचं, असा तो तोडगा. मला पटला.

अख्खा इम्प्लान्टच झिरकोनियाचा मिळतो हेही त्यांनी सांगितलं. पांढराच स्क्रू हाडात. मग करडेपणाचा प्रश्नच नाही. पण महाग, बरेचसे एकाच अखंड तुकड्यात येतात त्यामुळे हाडात तिरका बसला तर वरून सावरायला जागा कमी, आणि टायटॅनियमइतका जुना अनुभव त्याच्या पाठीशी नाही. माझा इम्प्लान्ट हाडात घट्ट होता, तो काढायचा विषयच नव्हता.

दुसऱ्या वेळी शेड घेतली सकाळी, कामाला हात लावायच्या आधी, दात ओले असताना, दारात. लिपस्टिक पुसून, आणि अंगावर मी मुद्दाम मोतिया रंगाची साडी नेसून गेले. लाल साडीची झाक चेहऱ्यावर पडते हे आमच्या धंद्यात कोणाला सांगावं लागत नाही. दाताच्या मानेशी, म्हणजे हिरडीजवळ, ए-साडेतीन, मध्ये ए-तीन, कडेला किंचित निळसर पारदर्शक. डॉक्टर म्हणाले आधी उजळ-गडद जुळवायचं, तांबूस-पिवळं मागाहून. चूक झाली तर डोळ्याला उजळपणाच आधी खुपतो. ब्लाउजपीसचंही असंच आहे, पण ते राहू दे. शेडचा तुकडा दाताशेजारी धरून फोटो काढले, ते लॅबला गेले. कॅप झिरकोनियाची, फक्त पुढच्या बाजूला पोर्सेलीनचा थर.

झिरकोनियातही जाती असतात, हे फारसं कुणी सांगत नाही. यिट्रिया नावाचा घटक कमी असलेली जात जास्त मजबूत पण अपारदर्शक. जास्त असलेली उजेड आत घेते, दिसायला सुंदर, पण ताकद कमी. मजबूत जात १००० मेगापास्कलच्या आसपास ताण सोसते, लिथियम डायसिलिकेट ४०० ते ५००. कॅपखाली लपवायला काही असेल तर अपारदर्शक जात आणि वर पोर्सेलीन. लपवायला काही नसेल तर पारदर्शक. ‘झिरकोनिया कॅप’ एवढंच बिलावर लिहिलेलं असेल तर ती कुठली, हे विचारायला लाजू नका.

आता या कॅपला वर्ष उलटून गेलं. हिरडीतली छाया गेली. पूर्ण? माझ्या डोळ्याला अजून अगदी बारीकसा फरक कळतो, शेजारच्या दाताची हिरडी गुलाबी आणि याची गुलाबीत थोडी फिक्की. करड्यापेक्षा फिक्की परवडली. खर्च: पहिल्या वेळी सगळं धरून ४० हजारांच्या आसपास गेले होते. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी स्वतःची फी घेतली नाही, लॅब आणि नव्या भागाचे १२ हजार घेतले. हा माणूस तक्रार ऐकल्यावर तोंड फिरवणारा नाही, हे ताऱ्यांत धरलं आहे.

घरात आणखी नमुने आहेत म्हणून रिव्ह्यू लांबवते.

सासूबाईंच्या खालच्या दाढेवर कितीतरी वर्षांपूर्वीची धातूवर पोर्सेलीन चढवलेली कॅप आहे. पोर्सेलीनचा रंग आजही जशाचा तसा. फक्त वयाप्रमाणे हिरडी उतरली आणि कॅपच्या कडेची धातूची काळी रेघ उघडी पडली. मी म्हटलं, बदलून घेऊ या का? “आता मला कोण बघायला येणाराय? भाकरी मोडती नव्हं, झालं तर,” असं म्हणून त्यांनी विषय संपवला. जीभ लावून बघितल्याशिवाय न दिसणाऱ्या दाढेसाठी ही कॅप पाचपैकी पाच. पुढच्या दातासाठी शून्य.

आमच्या ह्यांची खालची दाढ इम्प्लान्टवरची, अखंड झिरकोनियाची, स्क्रूने कसलेली. स्क्रूने कसलेल्या कॅपला वरून भोक असतं. स्क्रू आवळला की त्यावर पांढरी टेफ्लॉन टेप कोंबतात, नळ फिटिंगवाले वापरतात तीच जात, आणि तोंडाशी काॅम्पोझिट भरतात. ह्यांना दिवसाला पाच चहा लागतात. कॅप पांढरीच, पण मधोमध तपकिरी ठिपका. ह्यांना वाटलं कीड लागली. झिरकोनियाला कीड कुठली लागणार! काॅम्पोझिट हे रेझिन, म्हणजे प्लॅस्टिकच्याच जातीचं, असल्याने डाग धरतं, झिजतं. पॉलिश करून थोडा कमी झाला, नंतर एका बैठकीत बदलून दिला, किरकोळ पैशात. माझ्या पुढच्या दाताचं भोक जिभेच्या बाजूला आलंय, त्यामुळे तिथला ठिपका मला दिसत नाही. इम्प्लान्टचा कोन जमला तरच असं येतं. समोर येणार असेल तर चिकटवलेलीच कॅप बरी. पण स्क्रूवाल्या कॅपचा मोठा फायदा असा की पुढेमागे काही झालं तर ती न कापता उघडता येते. माझी पहिली तशी असती तर एक कॅप वाचली असती.

निपाणीच्या मावशी. तंबाखूच्या गावात जन्म गेला, मिश्री सुटत नाही. त्यांच्या पुढच्या कॅपेवर काळे पट्टे आले होते, ते डॉक्टरांनी साफ करून दाखवले. खाली सिरॅमिक स्वच्छ. चकाकी शाबूत आहे तोवर डाग वरवर बसतो. एका ठिकाणी मात्र डाग परत परत येतो, कारण बसवताना चावा उंच लागला म्हणून तिथं कॅप घासली होती आणि नंतर नीट पॉलिश झालं नव्हतं. खरबरीत पृष्ठभाग डाग धरून ठेवतो, समोरचा दातही झिजवतो. कॅप बसवल्यावर मशिनने घासली तर रबरी पॉलिशर फिरवल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. हिरडीच्या आजारासाठी क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश देतात, तेही फार दिवस चालू ठेवलं की दातांवर, कॅपेवर तपकिरी थर आणतं. डॉक्टरांनी सांगितलेत तेवढेच दिवस वापरायचं.

खानापूरच्या भाचीची गोष्ट उलटी. तिची कॅप तशीच, पण लग्नाआधी तिला सगळे दात पांढरे करून हवे होते. ब्लीचिंगने खरे दात उजळतात, कॅप उजळत नाही; मग जुळणारी कॅप एकदम पिवळी दिसायला लागते. आधी ब्लीच, मग दोनेक आठवडे रंग स्थिर होऊ द्यायचा, आणि त्यानंतर कॅपेची शेड. तिला वेळेवर कळलं, ब्लीच रद्द झालं, फोटो चांगले आले. वय वाढतं तसे खरे दात मात्र आपोआप गडद होत जातात, वरचं कवच झिजतं आणि आतलं पिवळसर दंतिन जाड होतं. म्हणजे आज तंतोतंत जुळलेली कॅप आणखी पंधरा वर्षांनी शेजाऱ्यांपेक्षा उजळ दिसेल. तेव्हाही लोक म्हणणार, कॅपचा रंग बदलला.

सेवेबद्दल. अपॉइंटमेंट दिलेल्या वेळेला होते, हे बेळगावात सांगण्यासारखं आहे. काँग्रेस रोडने येणार असाल तर रेल्वे गेटचा वेळ धरून निघा. डॉक्टरांची घरची भाषा कन्नड, असिस्टंटशी कन्नडमध्ये बोलतात, माझ्याशी आमच्या बेळगावी मराठीत, आणि मटेरियलची नावं इंग्रजीत. अडत काही नाही. वॉरंटी कार्ड मिळतं. पण ते नीट वाचा: कॅप फुटली, तडकली तर बदलून, रंगाबद्दल त्यात काहीच नाही. कार्डापेक्षा लॅबची चिठ्ठी मागून घ्या, ज्यावर कॅपचं आणि अबटमेंटचं मटेरियल, इम्प्लान्टची कंपनी आणि माप, शेडचा नंबर असतो. उद्या पुण्या-मुंबईला किंवा हुबळीला दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर त्याला योग्य स्क्रू कुठला हे त्यावरूनच कळतं. मी माझ्या दोन्ही चिठ्ठ्या दुकानाच्या गल्ल्यात लॅमिनेट करून ठेवल्यात.

राहिला अर्धा तारा. संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत आहे. सीमाभागात राहून याची सवय आहे, सही केली. दुसऱ्या वेळी रिसेप्शनवरच्या अनगोळच्या मुलीला म्हटलं, वाचून दाखव. तिने ओळ न ओळ मराठीत सांगितली, आणि त्यात एक ओळ निघाली की हिरडीच्या जाडीप्रमाणे धातूची छटा दिसू शकते. पहिल्या फॉर्मवरही ती होती. मी जुना कागद काढून बघितला. म्हणजे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, फक्त मला कळेल अशा भाषेत सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना हे सांगितलं, त्यांनी मान हलवली. फॉर्म अजून तोच आहे. मराठीचं पान लागलं की अर्धा तारा परत देईन.